पॉलिकार्बोनेटचे मॉडेल: वेग आणि तापमान एकत्र कसे बसवावे?

तुमचा प्रश्न मी असा समजले आहे. हातात धरायच्या बारकोड स्कॅनरचे कवच पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकचे, आहे आणि ते १.५ मीटर उंचीवरून काँक्रीटवर पाडायचे आहे. चाचणी तीन तापमानांना होते: उणे २०, २३ आणि ६० अंश सेल्सिअस. तुमच्या हातात पुरवठादाराचा एकच टेन्साइल (ओढ-चाचणीचा) आलेख आहे, तोही २३ अंशांचा आणि मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने ओढलेला. त्यावर तुम्ही एबॅकस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये जॉन्सन–कुकचे समीकरण बसवले. वेगाचा गुणांक एका शोधनिबंधातून आणि तापमानाचा घातांक दुसऱ्यातून घेतला, आणि वितळबिंदूच्या जागी १४७ अंश भरले. २३ अंशांना सिम्युलेशन बरे जुळते. ६० अंशांना कवच प्रत्यक्षापेक्षा फार मऊ वागते, आणि उणे २० अंशांना सिम्युलेशनमध्ये कवच नुसते वाकते, पण प्रत्यक्षात स्क्रूचा बॉस (स्क्रू ज्यात बसतो तो नळीसारखा उंचवटा) मुळापासून तडकतो. म्हणून तुम्ही विचारता की यापेक्षा प्रगत मॉडेल कोणते घ्यावे.

माझ्या मते अडचण मॉडेल पुरेसे प्रगत नसण्याची नाही. तीन वेगळ्या गोष्टी इथे एकमेकींत मिसळल्या आहेत: वेग आणि तापमान यांना दोन स्वतंत्र गुणक मानले गेले आहे, एकाच वेगाच्या आणि एकाच तापमानाच्या माहितीवरून सगळा प्रदेश भरून काढला आहे, आणि पदार्थ केव्हा वाहू लागतो हे सांगणाऱ्या मॉडेलकडून तो केव्हा तुटेल याचेही उत्तर मागितले आहे. पहिल्या दोन गोष्टी सुधारता येतात. तिसरीसाठी वेगळा निकष लागतो, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी तुमचे जुने गणित का चुकले ते पाहू, कारण चुकीची दिशाच बरेच काही सांगते. जॉन्सन आणि कुक यांनी १९८३ मध्ये हे समीकरण धातूंसाठी मांडले. त्यात तीन कंस एकमेकांना गुणलेले असतात: एक स्ट्रेनचा (मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या बदलाचा), एक वेगाचा, एक तापमानाचा. तापमानाच्या कंसात संदर्भ तापमानापासून वितळबिंदूपर्यंतच्या अंतराचा किती हिस्सा आपण पार केला हे मोजले जाते. पॉलिकार्बोनेट अस्फटिकी असल्याने त्याला खरा वितळबिंदू नाही. १४७ अंश हे त्याचे काचसंक्रमण तापमान, ज्याच्या वर काचेसारखा कडक पदार्थ मऊ होतो आणि ज्याला आपण सगळे टीजी म्हणतो. ते भरल्यावर ६० अंशांना तुम्ही ३७ भागिले १२४, म्हणजे जवळजवळ तीस टक्के अंतर पार केलेले असते. घातांक एकच्या जवळ असेल तर यील्ड स्ट्रेस, म्हणजे ज्या स्ट्रेसला (ताणाला) पदार्थ वाहू लागतो तो, तीस टक्क्यांनी उतरतो, म्हणजे ६२ मेगापास्कलचा ४३ होतो. प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेटचा यील्ड या टप्प्यात अंशामागे साधारण ०.३ मेगापास्कलने घटतो, म्हणजे ६० अंशांना तो ५० च्या आसपास असायला हवा. तुमचे कवच मऊ का वागले याचे उत्तर एवढ्यातच आहे.

उणे २० अंशांची गोष्ट याहून गमतीची आहे. एबॅकसमध्ये तापमान संदर्भ तापमानाच्या खाली गेले की तो कंस शून्य हिस्सा धरतो, म्हणजे पदार्थ २३ अंशांना जसा होता तसाच राहतो. तुम्ही उणे २० अंशांचे म्हणून जे सिम्युलेशन चालवले ते पदार्थाच्या दृष्टीने २३ अंशांचेच होते. आज्ञावलीने इशारा दिला नाही, कारण तिच्या लेखी काहीच चुकले नव्हते.

आता मुळाशी जाऊ. घरी चिक्कीचा पाक केला असेल तर हे तुम्ही हाताने अनुभवलेले आहे. पाक कोमट असताना चमच्याने हळू उचलला तर लांब तार निघते, तोच झटक्याने ओढला तर तार तुटते, आणि थंड झालेला पाक हळू ओढूनही तुटतोच. झटका आणि गारवा यांचा परिणाम एकच, कारण दोन्ही बाबतींत रेणूंना जागा बदलायला वेळ पुरत नाही. साखर पॉलिमर नव्हे, पण पॉलिमरच्या साखळ्यांचे तुकडेही असेच शेजाऱ्यांच्या कुंपणावरून उष्णतेच्या धक्क्याने उड्या मारतात. बाहेरून लावलेला स्ट्रेस त्या कुंपणाची उंची एका बाजूने कमी करतो. तापमान जास्त असेल तर उड्या वारंवार होतात, वेग जास्त असेल तर तेवढ्याच वेळात जास्त उड्या हव्या असतात आणि म्हणून स्ट्रेस जास्त लागतो.

हेन्री आयरिंग यांनी १९३६ मध्ये ही कल्पना गणितात मांडली आणि आजही पॉलिमरच्या यील्डचा विचार मी तिथूनच सुरू करते. यील्ड स्ट्रेसला केल्व्हिनमधल्या तापमानाने भागून तो स्ट्रेन रेटच्या (स्ट्रेन दर सेकंदाला किती वाढतो त्याच्या) लॉगरिदमसमोर मांडला, तर प्रत्येक तापमानासाठी एक सरळ रेषा मिळते आणि सगळ्या रेषा एकमेकींना समांतर असतात. रेषेच्या उतारावरून सक्रियण घनफळ (एका उडीत हलणाऱ्या भागाचे माप) आणि रेषांमधल्या अंतरावरून सक्रियण ऊर्जा (कुंपणाची उंची) निघते. खोलीच्या तापमानाला पॉलिकार्बोनेटचा स्ट्रेन रेट दहापट झाला की यील्ड साधारण ३ मेगापास्कलने वाढतो. अंशामागे ०.३ घट आणि दहापटीमागे ३ वाढ हे शेजारी ठेवले की कामचलाऊ हिशोब मिळतो: वेग दहापट करणे म्हणजे तापमान दहा अंशांनी उतरवणे. प्रत्येक पॉलिमरसाठी हा आकडा वेगळा असतो आणि एकाच पॉलिमरसाठीही तो सगळीकडे सारखा राहत नाही, पण पहिल्या अंदाजासाठी मला त्याचा फार उपयोग होतो.

इथेच गुणाकाराच्या रचनेतला दोष उघडा पडतो. आयरिंगच्या मांडणीत दहापटीमागची वाढ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. २३ अंशांना ३ मेगापास्कल असेल तर ६० अंशांना ती ३.४ च्या जवळ जाते आणि उणे २० अंशांना २.६ पर्यंत उतरते. जॉन्सन–कुकमध्ये तीच वाढ तापमानाच्या कंसाने गुणली जाते, त्यामुळे ६० अंशांना ती २.१ होते. आकड्यांमधला फरक लहान असला तरी दिशा उलटी आहे. म्हणूनच गुणांक कितीही घासूनपुसून बसवले तरी एक तापमान जुळवताना दुसरे हातचे जाते. असे गुणांक जुळवण्यात तुम्ही आठवडा घालवला असेल, तर मी उमेदीच्या काळात महिना घालवला होता.

तुमच्या चाचणीचे स्थान आता काढता येते. १.५ मीटरवरून पडलेली वस्तू सेकंदाला सुमारे ५.४ मीटर वेगाने जमिनीवर आदळते. कवचाच्या बहुतेक भागात स्ट्रेन रेट कमीच असतो, पण कोपरे, रिब (आधाराच्या पट्ट्या) आणि बॉसच्या मुळाशी तो सेकंदाला दहा-वीसपासून काही शेकड्यांपर्यंत जातो. आपण १०० धरू. तुमच्याकडचा आलेख मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाचा आहे. नमुन्याचा सरळ भाग ८० मिलिमीटर असेल तर तो सेकंदाला ०.०१ इतका येतो. म्हणजे माहिती आणि गरज यांच्यात दहाच्या चार पायऱ्यांचे अंतर आहे. २३ अंशांना त्या चार पायऱ्या यील्डला ६२ वरून ७४ च्या आसपास नेतात. उणे २० अंशांना ४३ अंशांच्या गारव्याचे आणखी १३ मेगापास्कल मिळवले की आपण ८७ पर्यंत पोहोचतो. तुमच्या सिम्युलेशनमध्ये या १३ पैकी एकही नव्हता.

८७ हा आकडाही कमीच असण्याची शक्यता आहे, आणि हा मुद्दा नवख्या माणसाकडून हमखास सुटतो. आयरिंगची रेषा कायम सरळ राहत नाही. पॉलिकार्बोनेटमध्ये साखळीच्या मोठ्या तुकड्यांच्या हालचालीखेरीज एक छोटी, स्थानिक हालचालही असते. तिला बीटा संक्रमण म्हणतात. सेकंदाला एक आवर्तन अशा मंद कंपनात ती उणे १०० अंशांच्या आसपास दिसते, म्हणजे रोजच्या तापमानाला ती इतकी सहज होते की तिचा अडथळा जाणवत नाही. वेग पुरेसा वाढवला किंवा तापमान पुरेसे उतरवले की या हालचालीलाही वेळ अपुरा पडतो, तिचा स्वतंत्र प्रतिकार सुरू होतो आणि रेषेला वाकण येऊन उतार वाढतो. खोलीच्या तापमानाला हे वाकण सेकंदाला शंभरच्या आसपास येते, आणि तापमान उतरेल तसे ते आणखी कमी वेगाकडे सरकते. तुमची उणे २० अंशांची चाचणी त्याच्या पलीकडच्या बाजूला पडते. ॲक्रिलिकची, म्हणजे पीएमएमएची, बीटा हालचाल खोलीच्या तापमानाच्या बरीच जवळ असते, म्हणून त्याचा वेगाशी असलेला संबंध पॉलिकार्बोनेटपेक्षा कितीतरी तीव्र आहे. दोन प्रक्रिया बेरजेने मांडणाऱ्या समीकरणाला री–आयरिंग म्हणतात, आणि मलिकेन व बॉइस यांनी २००६ मध्ये या दोन्ही पदार्थांसाठी हीच कल्पना पूर्ण त्रिमितीय मॉडेलमध्ये आणली.

तुमचा पदार्थ वेगळा असता तर माझे उत्तरही वेगळे असते. पॉलिप्रॉपिलीनचे टीजी शून्य अंशांच्या आसपास असल्याने तुमच्या तापमानांच्या मधोमध त्याची चालच बदलते, आणि यील्डच्या आधीची कडकपणाची किंमतही तापमानाबरोबर झपाट्याने घसरते. नायलॉन हवेतली आर्द्रता शोषते आणि तिच्यामुळे त्याचे टीजी बऱ्याच अंशांनी खाली येते, म्हणून कोरड्या नमुन्याचा आलेख मुंबईच्या पावसाळ्यात ठेवलेल्या भागाला लावता येत नाही. काचतंतू मिसळले असतील तर तंतूंची दिशा हा वेगळा अध्याय आहे. आणि तुमच्या कवचातले गॅस्केट रबराचे असेल, तर तिथे यील्डचा प्रश्नच नाही. दाब सुटल्यावर ते किती लवकर मूळ आकाराला येते, एवढेच महत्त्वाचे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले, त्या दुर्घटनेच्या मुळाशी थंडीत मंदावलेले रबरी कडे होते. सांधा क्षणार्धात फाकतो, आणि गार रबराला तेवढ्या वेळात मागोमाग जाता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी त्या रबराचा तुकडा चिमट्यात धरून बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला होता, तो हाच मुद्दा. रबरासाठी प्रोनी मालिका (स्ट्रेस वेळेनुसार कसा ओसरतो ते मांडणारी) आणि विल्यम्स–लँडेल–फेरी यांचे १९५५ चे काल-तापमान समीकरण वापरावे. तेच समीकरण टीजीच्या बऱ्याच खाली असलेल्या पॉलिकार्बोनेटच्या यील्डला लावू नये.

आता यील्डच्या पलीकडे जाऊ. इथे दोन गोष्टी घडतात. यील्डनंतर स्ट्रेस आधी थोडा खाली येतो आणि मग साखळ्या ओढल्या गेल्याने पुन्हा चढतो. हवर्ड आणि थॅकरे यांनी १९६८ मध्ये आयरिंगचा डॅशपॉट (वेगाला विरोध करणारा घटक) आणि रबराची स्प्रिंग शेजारी शेजारी जोडून हे चित्र उभे केले, आणि नंतरची बहुतेक मॉडेले याच सांगाड्यावर उभी आहेत. टेन्साइल चाचणीत स्ट्रेस उतरू लागताच नमुन्याला मान पडते, म्हणजे तो एका जागी बारीक होतो. त्यानंतर मशीनने काढलेला आलेख नमुन्याच्या सरासरीचा असतो, पदार्थाचा नव्हे. सगळा स्ट्रेन त्या मानेत एकवटलेला असतो आणि तिथला स्ट्रेन रेट नाममात्र दरापेक्षा बराच जास्त असतो. पुरवठादाराचा आलेख यील्डनंतर जसाच्या तसा सॉफ्टवेअरमध्ये भरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. कॅमेऱ्याने ठिपक्यांचे विस्थापन मोजून खरा स्ट्रेन काढा, नाहीतर दंडगोल दाबून चाचणी घ्या. त्यात मान पडत नाही.

दुसरी गोष्ट स्वतःच्या उष्णतेची. मान पडत असलेला नमुना मशीन थांबवून लगेच चिमटीत धरा, मान हाताला स्पष्ट कोमट लागते. प्लॅस्टिक, म्हणजे कायमच्या, विरूपणात खर्च झालेल्या कामाचा मोठा हिस्सा उष्णता होतो. टेलर आणि क्विनी यांनी १९३४ मध्ये धातूंवर हे मोजले होते. पॉलिकार्बोनेटवर ७० मेगापास्कल स्ट्रेसने ५० टक्के स्ट्रेन दिला तर घनमीटरमागे ३५ मेगाज्यूल काम होते. घनमीटरभर पॉलिकार्बोनेट एका अंशाने तापवायला सुमारे दीड मेगाज्यूल लागतात. सगळे काम उष्णतेत गेले तर तापमान तेवीस अंशांनी चढेल. त्या तेवीस अंशांमुळे यील्ड ७ मेगापास्कलने उतरतो, म्हणजे वेगाने मिळवलेल्या बारापैकी अर्ध्याहून अधिक परत जातात. वेगवान चाचणीचा आलेख यील्डपाशी मंद आलेखाच्या वर असतो आणि पुढे त्याला छेदून खाली येतो, त्यामागे हेच कारण आहे.

किती वेगाला ही उष्णता अडकून राहते, याचा अंदाज बहुतेक लोक चुकवतात. धक्क्याच्या चाचणीतच ती अडकते असा समज आहे. ४ मिलिमीटर जाडीचा टेन्साइल नमुना स्थिर हवेत ओढला तर त्याला उष्णता सोडायला पाच मिनिटांच्या आसपासचा कालांक (बहुतेक उष्णता जायला लागणाऱ्या वेळेचे माप) लागतो. प्लॅस्टिकमधून उष्णता पृष्ठभागापर्यंत येते, पण पृष्ठभागावरून हवेत जाताना ती रेंगाळते. सेकंदाला ०.०१ या दराने ५० टक्के स्ट्रेन व्हायला पन्नास सेकंद पुरतात. म्हणजे तुमच्या डेटाशीटमधला तो शांत, मंद वाटणारा आलेखसुद्धा यील्डनंतर समतापी, म्हणजे एकाच तापमानाचा, नाही. तो समतापी म्हणून भरला आणि वर सॉफ्टवेअरमध्ये उष्णता-निर्मितीचा पर्यायही चालू केला, तर तीच उष्णता दोनदा मोजली जाते. पोलादी प्लेटांमध्ये दाबलेला ५ मिलिमीटर उंचीचा दंडगोल मात्र पाऊण मिनिटात उष्णता प्लेटांना देतो, म्हणून समतापी आलेखासाठी मी सेकंदाला ०.००१ किंवा त्याहून मंद दाब-चाचणी वापरते.

त्याच कालांकाने तुमच्या उणे २० अंशांच्या चाचणीकडेही पाहा. कवचाची भिंत २ मिलिमीटरची असेल तर दोन्ही बाजूंनी हवा लागल्यास तिचा कालांक अडीच मिनिटांच्या घरात येतो. फ्रीझरमधून काढून, टांगून, कोन जुळवून पाडेपर्यंत चाळीस सेकंद गेले तर भिंत दहा अंशांनी वर आलेली असते. आतले सुटे भाग गार असल्याने प्रत्यक्षात ही वाढ थोडी कमी असेल. तरीही आपण उणे १० ची चाचणी उणे २० च्या सिम्युलेशनशी ताडून पाहतो आणि दोष मॉडेलला देतो. बॉसच्या शेजारी बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून एकदा तरी मोजा. उलट बाजूने, चेंबरमध्ये नमुना ठेवल्यावर आत त्याच तापमानाला यायला अर्धा तास तरी द्या. चेंबरच्या पडद्यावरचा आकडा हवेचा असतो.

तुमच्यासाठी कोणत्या चाचण्या कराव्यात ते सांगते. सर्वांत आधी डीएमए (नमुना हलका कंपित करून तापमानाबरोबर बदलणारा कडकपणा मोजणारी चाचणी) घ्या, उणे १३० पासून अधिक १५० अंशांपर्यंत, १ आणि १० हर्ट्झला. एका दिवसाचे काम आहे आणि बीटा कुठे आहे, टीजी खरोखर किती आहे, ग्रेडमध्ये काही मिसळले आहे का, हे सगळे कळते. मग मोल्ड केलेल्या जाड पट्टीतून कातलेल्या दंडगोलांवर दाब-चाचण्या घ्या: सेकंदाला ०.०००१ ते ०.१ असे चार दर आणि उणे ४०, उणे २०, २३, ६० आणि ८० अंश. दोन्ही टोकांना पीटीएफईची (टेफ्लॉनची) पातळ पट्टी लावा, नाहीतर घर्षणाने दंडगोल पिंपासारखा फुगतो आणि आलेख बिघडतो. या वीस चाचण्यांतून आयरिंगच्या समांतर रेषा मिळाल्या की नव्वद टक्के काम झाले. शंभरच्या पुढचे दर प्रत्यक्ष मोजायचे असतील तर कोल्स्की यांनी १९४९ मध्ये रूढ केलेली विभाजित दांड्यांची हॉपकिन्सन चाचणी लागते. ती सोय काही आयआयटींमध्ये आणि संरक्षण प्रयोगशाळांमध्ये आहे. ती परवडली नाही, तर उणे ४० ची मंद चाचणी ही २३ अंशांच्या वेगवान चाचणीची जागा बऱ्याच अंशी भरून काढते. मात्र ही अदलाबदल फक्त यील्डपुरती चालते. मंद आणि गार चाचणीत स्वतःची उष्णता अडकत नाही, त्यामुळे यील्डनंतरचा भाग तिच्यातून उचलू नका. शिवाय मुख्य प्रक्रिया आणि बीटा यांची सक्रियण ऊर्जा वेगळी असल्याने दोघींचा गारवा-वेग विनिमयाचा दरही वेगळा असतो.

नमुने कुठून आले याकडेही लक्ष द्या. पॉलिकार्बोनेटचे दाणे १२० अंशांना तीन-चार तास वाळवल्याशिवाय मोल्ड केले तर पाण्याने साखळ्या तुटतात. दिसायला नमुना ठीक असतो, क्वचित चांदीसारख्या रेघा दिसतात, आणि थंडीत तो काचेसारखा फुटतो. उलट मोल्डिंगनंतर १२० अंशांना काही तास तापवून ठेवलेल्या नमुन्याचा यील्ड वाढतो आणि त्यानंतरची घसरणही तीव्र होते. दोन पुरवठादारांचे आकडे ५ मेगापास्कलने वेगळे का येतात, याचे कारण कित्येकदा पदार्थात नसून या उष्णतेच्या इतिहासात असते.

आता मॉडेलची निवड, ज्यासाठी तुम्ही मुळात लिहिले. तुमची तापमाने तीनच आहेत आणि धक्का काही मिलिसेकंदांत संपतो. मी तुमच्या जागी असते तर तीन वेगळी मटेरियल कार्डे (सॉफ्टवेअरला द्यायचे पदार्थाचे आकडे) केली असती. प्रत्येकात यील्ड आणि त्यानंतरचे आलेख वेगवेगळ्या दरांसाठी तक्त्याच्या रूपात भरले असते, आणि ते आलेख एकेका चाचणीतून उचलण्याऐवजी वीसही चाचण्यांवर एकत्र बसवलेल्या री–आयरिंग समीकरणातून तयार केले असते. त्यामुळे आलेख एकमेकांना अकारण छेदत नाहीत आणि दोन दरांमधला प्रदेश गुळगुळीत राहतो. वेगवान दरांच्या आलेखांत स्वतःच्या उष्णतेची घट आधीच धरा आणि सॉफ्टवेअरमधली उष्णता बंद ठेवा. पूर्ण त्रिमितीय, स्प्रिंग-डॅशपॉटच्या अनेक जोड्यांची मॉडेले तेव्हा घ्या, जेव्हा भार उतरवल्यानंतरचा आकार, वारंवार होणारे धक्के किंवा धक्क्यादरम्यान बदलणारे तापमान यांचे उत्तर हवे असेल. त्यांचे दहा-पंधरा गुणांक बसवायला जेवढ्या चाचण्या लागतात तेवढ्या नसतील, तर ती मॉडेले साध्या तक्त्यापेक्षा वाईट उत्तर देतात, आणि तेही अधिक आत्मविश्वासाने. पॉलिमर दाबात ओढण्यापेक्षा जास्त स्ट्रेस सोसतो हेही लक्षात असू द्या. दाबाचे आकडे जसेच्या तसे ओढीसाठी वापरू नका. २३ अंशांची एक ओढ-चाचणी घेऊन दोघांतले गुणोत्तर ठरवा.

सॉफ्टवेअरमधल्या दोन खाचखळग्यांबद्दल थोडक्यात. एलएस-डायना या दुसऱ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये चोवीस क्रमांकाचे मटेरियल वापरत असाल तर व्हीपीचा पर्याय १ ठेवा. तो शून्य असेल तर एकूण स्ट्रेन रेटवरून यील्ड ठरतो आणि धक्क्यातल्या लवचीक कंपनांचा गोंगाट थेट स्ट्रेसमध्ये उतरतो. आणि गणना लवकर संपावी म्हणून भाराचा वेग वाढवण्याची सवय असेल, तर दरावर अवलंबून असलेल्या पदार्थासाठी ती सोडा. स्क्रू पिळण्याचे मंद काम शंभरपट वेगाने चालवले की पॉलिकार्बोनेटने तुम्हाला ६ मेगापास्कल फुकट दिलेले असतात. तसे करायचेच असेल तर त्या टप्प्यापुरता दराचा परिणाम बंद ठेवा.

राहिला तडकलेला बॉस. काही वर्षांपूर्वी एका उपकरणाच्या कवचाचे थंडीतले सिम्युलेशन मी उत्तीर्ण ठरवले होते आणि पहिल्याच खेपेला आठपैकी तीन कवचांचे बॉस तुटले. यील्डचे आकडे बरोबर होते. मी तुटण्याचा निकष म्हणून प्लॅस्टिक स्ट्रेनची मर्यादा लावली होती, आणि तुटलेल्या जागी प्लॅस्टिक स्ट्रेन जवळजवळ शून्य होता. भिंगाखाली तुटलेला पृष्ठभाग पाहिला तेव्हा तो आरशासारखा गुळगुळीत होता, ओढल्याची पांढुरकी खूण कुठेच नव्हती. तड पृष्ठभागापासून किंचित आत सुरू झाली होती. पॉलिकार्बोनेटची खरी खोड हीच आहे. खाच असलेला ३.२ मिलिमीटर जाडीचा नमुना आघात-चाचणीत चिवटपणे वाकतो आणि त्याच पदार्थाचा ६.४ मिलिमीटरचा नमुना खटकन तुटतो. जाड भागात पदार्थाला बाजूंनी आकसायला वाव मिळत नाही, तिन्ही दिशांनी ओढ निर्माण होते आणि यील्ड होण्याआधीच आत क्रेझ, म्हणजे बारीक तडेसदृश रेघ, फुटते. गारवा आणि वेग यील्ड वर ढकलतात, त्यामुळे तिन्ही दिशांची ती ओढ आणखी चढते. तुमच्या जुन्या सिम्युलेशनमध्ये उणे २० ला यील्ड ७४ वरच अडकलेला होता, म्हणून बॉस आधीच वाहू लागला आणि सुटला. खऱ्या बॉसचा यील्ड ८७ च्या पुढे गेला आणि तो वाहण्याआधीच तडकला.

म्हणून थंडीच्या कार्डासोबत सरासरी ओढीच्या स्ट्रेसचा, म्हणजे ऋण दाबाचा, स्वतंत्र निकष ठेवा. त्याची मर्यादा शोधनिबंधातून उचलू नका. तुमच्याच ग्रेडच्या ६ मिलिमीटर जाड पट्टीत दोन वेगळ्या त्रिज्यांच्या खाचा पाडा, उणे २० ला वाकवून तोडा, त्याच चाचण्यांचे सिम्युलेशन करा आणि तुटण्याच्या क्षणी खाचेच्या आत सर्वाधिक सरासरी ओढ किती होती ते वाचा. दोन्ही त्रिज्यांना आकडा जवळपास सारखा आला तर निकष लागू आहे. सिम्युलेशनची जाळी, म्हणजे भागाचे लहान घटकांत केलेले विभाजन, खाचेपाशी पुरेशी बारीक हवी, त्रिज्येच्या कमानीवर आठ-दहा घटक तरी असावेत, कारण हा आकडा जाळीवर अवलंबून असतो आणि कवचाच्या मॉडेलमध्येही बॉसच्या मुळाशी तीच जाळी ठेवावी लागते.

बॉसच्या मुळाशी सध्या गोलाई किती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ती ०.२ मिलिमीटर असेल आणि साचा बदलायला वाव असेल, तर वरच्या चाचण्या सुरू करण्याआधी तीच ०.६ करून पाच कवचे उणे २० ला पाडून पाहा.